अद्वैताची खिडकी

सप्टेंबर हा माझा हंगाम. पतसंस्थांच्या वार्षिक सभा महिनाअखेरीपर्यंत उरकायच्या असतात, म्हणून त्यांचे अहवाल याच दिवसांत छापायला जातात आणि त्यातले चार-पाच मांडणीसाठी माझ्याकडे येतात. ताळेबंदाचे रकाने, संचालकांचे फोटो, थकबाकीचा तक्ता. काम असं मानेवर बसलं की मला नेमकी कॉम्प्युटरची थीम बदलायची हुक्की येते.

"पुन्हा रंग बदललास?" आई चहाचा कप टेकवत म्हणाली. "परवाचं हिरवं बरं होतं की."

परवाचं हिरवं म्हणजे लिनक्स मिंटचं, विंडोजऐवजी मी वापरतो त्या प्रणालीचं, काही वर्षांपूर्वीपर्यंतचं मूळ रूप. त्यात वाईट काही नाही, पण लिनक्सवाल्याला मूळ रूपावर राहा म्हणणं म्हणजे नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरच्या पांढऱ्या रंगावरच संसार कर म्हणण्यासारखं आहे. मला हा नाद लागला तो उबंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या अवतारापासून. ते आधी तपकिरी होतं, 2010 साली जांभळं-नारिंगी झालं, आणि मला कळलं की हे सगळं बदलता येतं. थीमची फाइल उतरवायची, उलगडायची आणि होम फोल्डरातल्या 'थीम्स' नावाच्या फोल्डरात टाकायची. या नावाआधी एक टिंब असतं, त्यामुळे तो एरवी दिसत नाही. कंट्रोल आणि एच दाबलं की बाहेर येतो. माळ्यावरची ट्रंकच ती. माझ्या ट्रंकेत आज एकवीस थीम आहेत, अंगावर एक. आयकॉनची ट्रंक निराळी, ती मी मोजत नाही.

तर त्या दिवशी मी सगळ्या खिडक्यांना भाजक्या कॉफीचा गडद रंग दिला होता. फाइलींची खिडकी, टर्मिनल, कॅल्क्युलेटर, सगळे निमूट त्या रंगात आले. नवा घातलेला टेक्स्ट एडिटर तेवढा पांढराफटक. पहाटेच्या काकड्याला कुणी ट्यूबलाइट लावावी तसा.

कारण शोधताना जे नाव समोर आलं, ते वाचून मी काम सोडून हसत बसलो. अद्वैता.

लिनक्सचा दर्शनी भाग, म्हणजे डेस्कटॉप, बनवणाऱ्या ग्नोमच्या मंडळींनी 2011 मध्ये तिसरी आवृत्ती आणली तेव्हापासून त्यांच्या मूळ थीमचं हे नाव. शब्द आपलाच, इंग्रजी स्पेलिंगातून परत येताना शेवटी एक काना घेऊन आलाय. सुरुवातीला कारभार सैल होता. खिडक्या, बटणं, याद्या यांचं सामान जीटीके या संचातून येतं. मुळात तो गिम्प या चित्रांच्या प्रोग्रामसाठी बनवलेला. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून हा साजशृंगार सीएसएसमध्ये लिहितात, म्हणजे वेबपानं सजवतात त्याच भाषेत. माझ्यासारखा अर्धाकच्चा माणूसही त्यात एखादा रंगाचा आकडा बदलून शेखी मिरवू शकतो. पण 2021 च्या अगदी शेवटच्या दिवशी 'लिबअद्वैता' या नव्या संचाची पहिली आवृत्ती आली. तिच्यावर उभे केलेले प्रोग्राम घरूनच कपडे घालून येतात, तुमच्या ट्रंकेकडे बघतही नाहीत. गडद हवं की उजळ, एवढं विचारतात. दोन नाहीत, एकच. नाव ठेवताना कुणाला एवढं अभिप्रेत होतं की नाही, देव जाणे. दहा वर्षांनी ते आचरणात आलं खरं. (केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या घरी याच्या बरोबर उलट. तिथे द्वैत, विशिष्टाद्वैत, सगळे पंथ सुखाने नांदतात आणि शंभर गोष्टी तुम्हालाच विचारतात. मी तिकडे राहायला गेलो तर एकही अहवाल वेळेत छापून होणार नाही.)

आता गप्प बसावं की नाही? पण पांढरी खिडकी डोळ्यांत खुपत होती. 'कॉन्फिग' या तशाच लपलेल्या फोल्डराच्या पोटात 'जीटीके-4.0' नावाचा फोल्डर असतो, त्यात आपली सीएसएसची फाइल ठेवली तर अद्वैतालाही थोडं वाकवता येतं. एका थीममधली अशी फाइल मी उचलून तिथे टाकली. एडिटर कॉफीच्या रंगात आला. मी आईला बोलावून दाखवलंसुद्धा.

संध्याकाळी त्याच एडिटरमध्ये एका संस्थेच्या दुरुस्त्या लिहीत होतो. कुणाचं आडनाव चुकलंय, कुठल्या संचालिकेच्या नावाआधी 'कै.' पडलंय (त्या चांगल्या ठणठणीत आहेत), लाभांशाचा टक्का. फोनवर ऐकून टिपलेल्या बावीस दुरुस्त्या. खिडकी बंद करायला गेलो तर नेहमीची चौकट आली आणि चौकटीत तीन कोरी बटणं. फिक्या पट्टीवर फिकी अक्षरं. एकात 'रद्द करा' असणार, एकात 'टाकून द्या', एकात 'जतन करा'. मी अंदाजाने मधलं दाबलं.

बावीसच्या बावीस गेल्या.

रागाच्या भरात मी एडिटर करणाऱ्यांना तक्रार लिहायला बसलो. बटणं दिसत नाहीत, नुकसान झालं, असं तीन ओळी लिहून झाल्यावर हात थांबला. बटणं त्यांनी नीटच रंगवली होती. रंग मी फासला होता. 2019 साली ग्नोमसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या काही जणांनी उघड पत्र लिहून लिनक्सची वितरणं (मिंट, उबंटू ही त्यातलीच) काढणाऱ्यांना विनवलं होतं की आमच्या प्रोग्रामवर तुमच्या थीम चढवून लोकांना देऊ नका. मोडतं तुमच्यामुळे आणि तक्रारी आमच्याकडे येतात. ते मी तेव्हा वाचलं होतं आणि 'काय हा अहंकार' म्हणून सोडून दिलं होतं. आपल्या मशीनवर हौस करणाऱ्यांबद्दल आमचं काही म्हणणं नाही, असंही त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलेलं. ते माझ्या सोयीने मी विसरलो होतो. तक्रार पुसली. दुसऱ्या दिवशी त्या संस्थेच्या सचिवांना फोन करून, "साहेब, दुरुस्त्या पुन्हा एकदा पडताळून घेऊ," असं अगदी जबाबदार आवाजात म्हणालो.

पत्र मला आज पटतं. थीम बदलणं मात्र सुटलेलं नाही. मिंटवालेही माझ्यासारखेच हट्टी निघाले: 2024 च्या 22 व्या आवृत्तीत त्यांनी कॅल्क्युलेटर, कॅलेंडर, स्कॅनर अशा काही प्रोग्रामांच्या अद्वैताआधीच्या जुन्या आवृत्त्या परत आणून बसवल्या, थीम लागू व्हाव्यात म्हणून. पुढे जायचं सोडून मागे. मला आवडलं.

रविवारी समर्थ मंदिरापासून यवतेश्वर घाटाकडे नुसत्या गाड्याच गाड्या. कासला फुलं आली की साताऱ्याची ही दशा ठरलेली. आज गुलाबी तेरडा, मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके, मग सीतेच्या आसवांची निळाई, पुढे कवळ्याचा पिवळा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. माझ्या थीमचा हिशोबही साधारण तेवढाच.

परवा, दोन अहवाल बाकी असताना, मी पेन ड्राइव्हवरून ग्नोम चालवून बघत होतो. 2024 च्या सप्टेंबरात आलेल्या 47 व्या आवृत्तीपासून अद्वैतवाद्यांनी थोडी सूट दिली आहे: बटणांचा वगैरे रंग आपण निवडायचा, नऊ रंगांतून. निळा, मोरपंखी, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, गुलाबी, जांभळा, पाटीसारखा करडा. आई मागे उभी होती. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर नवरात्राच्या साड्यांचा तक्ता आदल्याच दिवशी आला होता.

"नऊच का?" तिने विचारलं आणि स्वतःच मान डोलावली. "नऊच असणार की."

मग चष्मा लावून ती पुढे वाकली, एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेली.

"ह्यात पोपटी नाही रे. तेवढा घालता येतो का बघ."