मार्फाचे दिवे बघण्याआधी हायवे ओळखा

टेक्ससच्या पश्चिम टोकाच्या वाळवंटात, मार्फा गावापासून पूर्वेला साधारण १४ किलोमीटरवर, हायवे ९० ला लागूनच हे गूढ दिवे बघायची जागा आहे. तिकीट नाही. समोर मिचेल फ्लॅटचं माळरान, नैऋत्येला चिनाती डोंगर.

अंधार पडला की डोंगराच्या बाजूला पांढरा ठिपका उगवतो, फुगतो, एकाचे दोन होतात, विझतो. कठड्यापाशी लगेच आरडाओरडा. फोटो काढून मंडळी निघतात, याची मला खरोखर चुटपुट लागते. कारण तिकडे मार्फा-प्रेसिडिओ हायवे ६७ आहे. २००४ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी चार दिवस निरीक्षणं घेतली आणि नैऋत्येचे दिवे म्हणजे याच रस्त्यावरचे हेडलाइट, असा निष्कर्ष काढला. सूर्य मावळला की जमीन झपाट्याने गार होते, थंड हवेच्या थरावर गरम थर बसतो आणि त्यातून येणारा प्रकाश वाकतो. म्हणून दूरचा हेडलाइट वर उचलल्यासारखा, ताणलेला, कधी फुटलेला दिसतो.

तेव्हा उजेड असतानाच पोचा. दुर्बिणीने रस्त्याची रेघ शोधा आणि एखाद्या शिखराच्या खुणेने ती पक्की लक्षात ठेवा. मार्फाकडे येणाऱ्या गाड्यांचे दिवे डावीकडून उजवीकडे सरकतात; चढाआड गेले की गायब. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून, फोकस ताऱ्यावर हाताने जुळवून, १५ सेकंदांची एक्स्पोजर ओळीने घ्या. प्रत्येक फोटोत दिवा त्याच रेघेवर आला, तर ती गाडीच. रेघेबाहेर काही दिसलं, तर वेळ आणि दिशा तिथल्या तिथे लिहून ठेवा.

रॉबर्ट एलिसन नावाच्या गुराख्याने १८८३ मध्ये, म्हणजे मोटारी यायच्या आधी, इथे दिवे पाहिले असं सांगतात. म्हणून रेघेबाहेरच्या दिव्याची नोंद मला मोलाची वाटते.

एल पासो शहराचा टाइम झोन वेगळा आहे; तिथून येणाऱ्यांनी घड्याळ एक तास पुढे करावं, नाहीतर सूर्यास्त हुकतो. उंची १,४०० मीटरच्या आसपास, त्यामुळे दिवसा भाजलं तरी रात्री स्वेटर लागतो. कुंपणापलीकडची रँच खासगी आहे, तिकडे पाऊल टाकू नका. आणि कृपा करून पार्किंगमध्ये हेडलाइट चालू ठेवू नका, मोबाइलचा टॉर्चही नको. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एका झोताने सगळ्यांचा तो अर्धा तास फुकट जातो.