तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्नरला अजून काय आहे?

जुन्नरची आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "लेण्याद्री झालं, ओझर झालं, शिवनेरी पण झाला. आता तिकडे अजून काय बघायचं?" विचारणारे बहुतेक अष्टविनायकाच्या गाडीतून सकाळी उतरून जेवायच्या आत पुढच्या गणपतीला लागलेले असतात. दोष त्यांचा नाही. टूरवाल्यांच्या हिशेबात आमचा तालुका म्हणजे दोन देवळं आणि वेळ उरला तर एक किल्ला. २०१८ साली सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, त्यानेही हा हिशेब फारसा बदलला नाही.

तर माझं उत्तर असं की आधी नाणेघाटात जा. शिवनेरीसुद्धा नंतर. कारण जुन्नर वसलं, श्रीमंत झालं ते या घाटामुळे. सोपारा, कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने वर चढायचा, जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. आमच्याकडच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी कोरली गेली, ती याच व्यापाराच्या पैशावर. घाट बघितलात की बाकीचं आपोआप जागच्या जागी बसतं.

जुन्नरहून नाणेघाटाच्या माथ्यावरच्या घाटघर गावाला जायला तीसेक किलोमीटर. घाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिथून नाळेत, म्हणजे घाटाच्या अरुंद खिंडीत, उतरलं की लगेच लेणं लागतं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणकोणते यज्ञ केले आणि प्रत्येकाला दक्षिणा किती, गाई किती, घोडे किती, कार्षापणं (तेव्हाची नाणी) किती, असा चोख जमाखर्चच आहे तो. आकडेही अक्षरांत न लिहिता अंकांत कोरलेले. समोरच्या भिंतीवर सातवाहन कुटुंबाचे पुतळे होते. आता कुणाची पावलं तेवढी उरली आहेत, पण वर नावं आहेत : सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, एक महारठी सरदार, राजकुमार. मला तर संग्रहालयातल्या अख्ख्या मूर्तींपेक्षा ती रिकामी भिंत जास्त आवडते.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी मात्र येऊ नका. खालून येणारा वारा धबधब्याचं पाणी वर फेकतो, ते बघायला इतकी गर्दी लोटते की गाड्या घाटघरच्या अलीकडेच अडकतात. धबधबा सुंदर आहे, नाही कोण म्हणतं? पण व्हिडिओ काढणाऱ्यांतले निम्मे लोक लेण्यात डोकावतही नाहीत. दिवाळीनंतर या. हवा स्वच्छ असते आणि जीवधन किल्ला, त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका नीट दिसतो.

परतताना घाई करू नका. हा पश्चिमेकडचा पट्टा महादेव कोळ्यांचा. भातखाचरं आणि हिरड्याची झाडं. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर अंगणात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातलेला दिसेल. घरखर्चाला त्याचाच आधार असतो, तेव्हा गाडी वळवताना चाक त्यावरून जाऊ देऊ नका. चावंड किल्ल्याच्या जवळ पूर गावात कुकडेश्वराचं जुनं कोरीव दगडी देऊळ आहे. कुकडी नदीचा उगम इथलाच.

आता लेणी. लेण्याद्रीला गिरिजात्मज ज्या प्रशस्त, एकही खांब नसलेल्या दालनात बसला आहे, तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. दर्शन झाल्यावर भिंतींतल्या खोल्यांची दारं बघा आणि शेजारच्या चैत्यगृहातला, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहातला, स्तूप बघितल्याशिवाय खाली उतरू नका. शिवनेरीच्या कड्यातही लेणी आहेत. तिथे इरिल नावाच्या एका यवनाने (तेव्हा यवन म्हणजे ग्रीक) पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे. शिवराय १६३० साली ज्या गडावर जन्मले, त्याच गडाच्या पोटात त्याआधी दीड हजार वर्षं एक परदेशी माणूस पाण्याची सोय करून गेला! मानमोडीच्या डोंगरावर चंद नावाच्या आणखी एका यवनाचं दान सापडतं. शिवाय जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, दिलेलं सात खोल्यांचं लेणं आहेच. तुळजा लेण्यातला चैत्य गोल आहे, साध्या अष्टकोनी खांबांचा. मला सगळ्यांत जवळचा तो. मानमोडीला मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा आवाज आणि अत्तर दोन्ही घरी ठेवा.

पूर्वेकडे गेलात की वेगळाच तालुका लागतो. ऊस, द्राक्षं, टोमॅटो, आणि खोडदला शेतांच्या वर मान काढून उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणी. खोडद आणि आसपासचा परिसर मिळून तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं, पोरं बरोबर असतील तर तोच मुहूर्त धरा. नारायणगाव तमाशासम्राज्ञी विठाबाईंचं. गुढीपाडव्याच्या आधी तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. बघायला जरूर जा, पण तो त्यांच्या वर्षभराच्या पोटापाण्याचा बाजार आहे. व्यवहार चालला असताना मोबाइल समोर धरू नका.

मुक्काम एक रात्र तरी करा, दोन केलात तर उत्तम. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी फिरायचं नाही. बिबट्या आमच्याकडे गोष्टीतला नाही, रोजच्या बोलण्यातला आहे. आणि जेवायला मासवडी. नाव मासवडी असलं तरी अस्सल शाकाहारी : बेसनाच्या पातळ वेष्टनात तीळ, खोबरं, लसणाचं सारण, बरोबर तांबडा रस्सा आणि बाजरीची भाकरी. निगुतीचं काम आहे, ऐनवेळी मागून मिळेलच असं नाही. जिथे उतराल तिथे आदल्या दिवशी सांगून ठेवा. तिखट सोसत नसेल तर तेही तेव्हाच सांगा.