वाटेतल्या मुलाचे वय

हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे देशातील दोन मोठे लोहमार्ग आमच्या स्थानकावर एकमेकांना मिळतात, हे आम्ही नागपूरकर पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. गेली चार वर्षे आठवड्यातून दोन संध्याकाळी मी याच स्थानकावर मुलांच्या मदतकार्यात स्वयंसेविका म्हणून बसते, आणि तेव्हापासून त्या वाक्याचा दुसरा अर्थ माझ्या ध्यानात येऊ लागला आहे. येथे गाडीतून उतरवलेले मूल बहुधा इथले नसते आणि इथे यायला निघालेलेही नसते. त्याचे घर एका राज्यात, त्याला जिथे कामाला जुंपायचे ते ठिकाण दुसऱ्या राज्यात, आणि आम्ही मधल्या फलाटावर. अशा मुलाची जबाबदारी नेमकी कोणाची, याचे पुरे उत्तर कोणत्याही एका गावाजवळ, राज्याजवळ किंवा देशाजवळ नसते. आंतरराष्ट्रीय करार ही मला एरवी कोरडी वाटणारी गोष्ट याच प्रश्नातून उलगडत गेली.

मागच्या उन्हाळ्यात रेल्वे सुरक्षा दलाच्या एका महिला शिपायाने एका मुलाला आमच्याकडे आणले. अशा मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे, म्हणून त्याचे नाव, गाव आणि गाडी मी लिहीत नाही. त्याच्या खिशात नवेकोरे लॅमिनेशन केलेले आधार कार्ड होते आणि त्यावरील जन्मतारखेप्रमाणे तो अठरा वर्षे पूर्ण झालेला होता. प्रत्यक्षात बोलताना त्याच्या वरच्या ओठाआड नुकताच फुटू लागलेला सुळा दिसत होता. सदऱ्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूस बॉलपेनने एक मोबाइल क्रमांक लिहिलेला होता आणि घामाने त्यातले दोन आकडे पुसट झाले होते. त्याच्यासोबतचे दोघे, कागदोपत्री एकोणीस वर्षांचे, त्याच गाडीने पुढे निघून गेले होते. मैथिली मिसळलेल्या हिंदीत तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता : मला कोणी पळवलेले नाही, मी माझ्या मर्जीने कामाला चाललो आहे, घरी उचल पोहोचली आहे.

पूर्वी असे वाक्य ऐकल्यावर अनेकांचे हात थांबत असत, कारण जबरदस्ती नाही, फसवणूक नाही, मग गुन्हा कसला? हा पेच सोडवला तो २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या आणि पालेर्मो प्रोटोकॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कराराने. मानवी तस्करीची जगभर चालेल अशी पहिली सर्वमान्य व्याख्या त्याने केली आणि तिच्यात स्पष्ट म्हटले की, शोषणासाठी मूल नेले जात असेल, तर धाक, फसवणूक किंवा आमिष दाखवल्याचे सिद्ध करावे लागत नाही आणि मुलाच्या संमतीला अर्थ नाही. भारताने २०११ साली या कराराचे अनुसमर्थन केले. पुढे न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली भारतीय दंड संहितेचे कलम ३७० बदलले, त्यात या व्याख्येची छाप उमटली, आणि आता ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. त्या संध्याकाळी मुलाची मर्जी ऐकून घेऊनही त्याला गाडीत परत बसवले गेले नाही, यामागे एवढी लांब साखळी होती.

त्याची मर्जी ऐकून घेणे मात्र टाळता येत नाही. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९८९ साली आली, भारताने ती १९९२ साली स्वीकारली, आणि तिचे बारावे कलम सांगते की, मुलाशी संबंधित निर्णयात त्याचे म्हणणे विचारात घेतले पाहिजे. हे कलम मला सर्वांत कठीण वाटते. मुलाचे ऐकायचे तर त्याची भाषा येणारा माणूस हवा, आणि आमच्याकडे मैथिली समजणारे कोणी नव्हते; शेवटी फलाटावरच्या एका हमालदादांनी दुभाष्याचे काम केले. उचलीची रक्कम नऊ हजार होती आणि ती बहिणीच्या औषधपाण्यात केव्हाच संपली होती, हे त्यांना कळले, आम्हाला कळले नसते.

बाल न्याय कायद्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत मुलाला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, हजर करावे लागते. समितीपुढचा पहिला प्रश्न वयाचा असतो. आधी शाळेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसल्यास जन्माचा दाखला, आणि दोन्ही नसल्यास हाडांची वैद्यकीय तपासणी, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे. आधार कार्ड त्या यादीत नाही. आम्ही त्याच्या जिल्ह्यात विचारणा केली, तर जन्माची नोंदच सापडेना. जन्मल्याबरोबर नोंद होणे हा मुलाचा हक्क आहे, असे बालहक्क संहितेचे सातवे कलम म्हणते. युनिसेफच्या २०२४ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी मुलांची अशी नोंद झालेली नाही. ज्याचे वय सरकारदप्तरी कुठेच नाही त्याचे वय ठेकेदार ठरवतो, ही गोष्ट मी त्या लॅमिनेशन केलेल्या कार्डावरून शिकले.

बाहेरच्या लोकांनी आपल्याला हक्क का शिकवावेत, असे आमच्या ओळखीतले काही सुशिक्षित लोक विचारतात. मला हा प्रश्न मुळातच चुकीचा वाटतो, कारण हे कागद बाहेरच्यांनी लिहून आपल्याकडे पाठवलेले नाहीत. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकणारे इंग्रजी शब्द होते. तिथे ‘सर्व मानव’ असे शब्द यावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या हंसाबेन मेहता भारताच्या प्रतिनिधी होत्या आणि त्याच काळात आपल्या संविधान सभेच्या सदस्यही होत्या. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवण्यास बंदी करणारा संविधानाचा अनुच्छेद २४ बालहक्क संहितेच्या किती तरी आधीचा आहे. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तेथील माणसाला तरी माणसाचे हक्क परके वाटू नयेत.

करार तोकडे पडतात तेही या फलाटावर दिसते. सार्क या दक्षिण आशियाई संघटनेतील देशांनी २००२ साली काठमांडूत तस्करीविरोधी करार केला, पण त्यातील व्याख्या स्त्रिया आणि मुलांच्या वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या तस्करीपुरतीच आहे. कारखान्यात किंवा हॉटेलात राबण्यासाठी नेलेला मुलगा तिच्यात बसत नाही. दोन वर्षांपूर्वी सीमेपलीकडची एक मुलगी येथे सापडली. तिच्या घराची खातरजमा होऊन परतीची कागदपत्रे यायला पाच महिने लागले, आणि ते पाच महिने ती एका बालगृहात, कोणाशीही आपल्या भाषेत न बोलता राहिली. दोन देशांच्या कार्यालयांमध्ये पत्रे फिरत होती, कोणी मुद्दाम अडवत नव्हते, पण घाईही कोणाला नव्हती. मला याचा आजही राग आहे.

बालमजुरीच्या अत्यंत वाईट प्रकारांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८२ क्रमांकाचा करार २०२० साली सर्व सदस्यदेशांनी मान्य केला. संघटनेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. भारताने तो २०१७ साली मान्य केला होता. २०२५ पर्यंत बालमजुरी संपवण्याचे जगाने ठरवले होते, आणि संघटनेच्या ताज्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली १३ कोटी ८० लाख मुले मजुरीत होती. हा आकडा पूर्वीपेक्षा कमी आहे, आणि तरीही तो वाचताना मला नेहमी ती गाडी आठवते.

अकराव्या दिवशी मुलाच्या गावच्या शाळेतून हजेरीपटाच्या पानाची प्रत आली. त्यावरून त्याचे वय बारा वर्षे आठ महिने निघाले. समितीच्या आदेशाने त्याला त्याच्या जिल्ह्यातील समितीकडे सोपवण्यात आले, आणि पुढे गेलेल्या दोघांची माहिती, कॉलरवरच्या त्या अर्धवट क्रमांकासह, ती गाडी जिथे जात होती त्या राज्याकडे पाठवली गेली. तिकडून अजून उत्तर आलेले नाही. दर सोमवारी सकाळी अकरा वाजता मी फोन करते.