पिकअपच्या गिअरबॉक्समधील घरघर

रावेर-सावद्याकडून केळी भरून येणाऱ्या आमच्या पिकअपचा गिअरबॉक्स घरघरू लागला, तेव्हा बहुतेकांनी तो उतरवण्याचाच सल्ला दिला. मात्र आवाज नेमका केव्हा येतो हे पाहिल्याशिवाय पाना हाती घेणे मला पटत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना येणारा आवाज क्लच दाबताच थांबला, तर संशय इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून इंजिनाचा जोर गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) किंवा काउंटर शाफ्टच्या (तो जोर गिअरांपर्यंत पोचवणाऱ्या समांतर दांड्याच्या) बेअरिंगवर जातो. याउलट क्लच दाबल्यावरच तो सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लचची पकड सोडवणारे बेअरिंग, तपासावे. आमचा प्रकार पहिला होता. शिवाय चौथ्या गिअरमध्ये घरघर बरीच कमी होई. या पाच गिअरच्या पेटीत चौथा गिअर थेट असल्यामुळे इंजिनाचा जोर काउंटर शाफ्टवरून न जाता सरळ मागे जातो. त्यामुळे दोष त्याच शाफ्टच्या बेअरिंगमध्ये असावा, असे दिसले.

गिअरबॉक्समधले ऑइल काढले, ते कमीच निघाले. कारण मागचे सील पाझरत होते. ड्रेन प्लगच्या चुंबकाला राखाडी लगदा चिकटणे स्वाभाविक असते, पण येथे बोटाला टोचणाऱ्या चकचकीत कपच्या निघाल्या. मग मात्र पेटी उतरवली, बेअरिंग आणि सील बदलले व पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल फिलरच्या भोकाच्या कडेपर्यंत भरले. (जाड ऑइल टाकल्याने आवाज दबतो खरा, झीज थांबत नाही.) रिव्हर्समध्ये बारीक शीळ अजून येते, ती त्या गिअरच्या सरळ दातांची असून तिला दुरुस्तीची गरज नाही.