बूट उलटा करून बघावा

नवा जोड खोक्यातून निघाला की नजर आधी वरच्या बाजूवर जाते. रंग, पट्टे, टाचेवरची चकाकती रेघ. सायकलच्या बुटाचं खरं तोंड मात्र खाली असतं. उलटा केला की हा कुठल्या घराण्यातला ते लगेच कळतं. चवड्याखाली दोन उभ्या खाचा आणि त्यांतून मागंपुढं सरकणारी धातूची पट्टी दिसली तर दोन बोल्टांचं घराणं, त्रिकोणात तीन भोकं दिसली तर तीन बोल्टांचं. या बोल्टांनी तळाला क्लीट बसते, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा छोटा तुकडा. काही बुटांना दोन्हींची सोय असते. पेडल कुठलं बसवणार हे ठरलेलं नसताना बूट घेणं म्हणजे कुलूप न बघता किल्ली घेणं.

नावातच गोंधळ आहे. पेडलला म्हणायचं ‘क्लिपलेस’, आणि पाय तर खट्कन क्लिप होतो. पूर्वी पेडलवर पिंजरा असायचा, चवडा त्यात सारायचा आणि वरून पट्टा आवळायचा. त्या पिंजऱ्याला टो क्लिप म्हणत. पिंजरा गेला म्हणून क्लिपलेस. स्कीचे बूट अडकवायचे खटके बनवणाऱ्या ‘लूक’ या फ्रेंच कंपनीनं १९८४ मध्ये तोच खटका पेडलवर आणला, आणि १९८५ मध्ये फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो त्या पेडलवर टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकला. मग पिंजऱ्यांचे दिवस भरलेच. शिमानो या जपानी कंपनीचं दोन बोल्टांचं एसपीडी पेडल १९९० चं. पिंजरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी नाव त्याचंच चालू आहे.

पहिला जोड असेल तर दोन बोल्टांचाच घ्यावा. त्यात पोलादी क्लीट रबरी सोलच्या खोबणीत दडलेली असते, त्यामुळं उतरून चार पावलं माणसासारखं चालता येतं. शिवाय या जातीची बरीच पेडल्स दोन्ही बाजूंनी सारखी असतात, पाय कसाही ठेवला तरी लागतो. तीन बोल्टांचं पेडल एकाच बाजूनं लागतं. ते मागच्या अंगाला जड असल्यामुळं नाक वर करून लोंबत राहतं, बोटांनी पुढं ढकलून पाय ठेवायची सवय करावी लागते. त्याची प्लॅस्टिकची क्लीट सोलच्या बाहेर आलेली, फरशीवर चालली की झिजणारी. शर्यतवाल्यांनी ती घ्यावी, त्यांना चालायचं नसतंच.

मापाच्या बाबतीत लहानपणीची शिकवण आडवी येते. ‘वाढता पाय आहे, एक नंबर मोठाच द्या.’ मग पुढं कापसाचा बोळा, आणि बोळा काढायची वेळ येईपर्यंत बुटाचाच जीव गेलेला. ती खोड मोठेपणीही सुटत नाही, हात आपोआप मोठ्या नंबराकडं जातो. सायकलच्या बुटात ही काटकसर अंगाशी येते. सैल बुटात पेडल वर येताना टाच उचलली जाते, म्हणून आपण पट्टा आवळतो. आवळला की चवड्याच्या नसा दबतात, आणि तासाभरात बोटं बधिर. घट्ट बूट तर त्याहून वाईट. साधा बूट पावलागणिक वाकतो आणि हळूहळू पायाचा होतो. हा वाकत नाही, त्यामुळं आज जिथं चावतो तिथंच पुढंही चावणार.

म्हणून संध्याकाळी, दिवसभराच्या वावरानं पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर उभं राहावं. टाच भिंतीला टेकवून, पेन्सिल सरळ उभी धरून, सगळ्यांत लांब बोटापुढं खूण करावी. दोन्ही पायांची. ते सारखे निघत नाहीत, मोठा पाय धरायचा. आलेले मिलिमीटर त्या कंपनीच्याच तक्त्यात बघायचे, कारण एकाचा ४२ दुसऱ्याच्या ४२ शी जुळेलच असं नाही. आत बोटापुढं ५ ते १० मिलिमीटर मोकळे राहिले की पुरे. रुंदीसाठी सोपी युक्ती म्हणजे इन्सोल, म्हणजे बुटातला सुटा तळ, बाहेर काढून त्यावर उभं राहणं. करंगळीची बाजू काठावरून बाहेर सांडत असेल तर रंग कितीही आवडलेला असो, जोड खोक्यात परत. आणि बघताना मोजे घालायचे ते सायकलवर घालायचेच.

पैसे कुठं वाचवावेत? सोलमध्ये. कार्बनचा मोह पहिल्या जोडीला नको, काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा सोल कित्येक वर्षं पुरतो. खोक्यावरच्या ‘कडकपणा अमुक’ या आकड्याला फार मान देऊ नये, प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी. टाच आणि टोक धरून बूट वाकवून बघावा. बोटांपाशी थोडा लवला तर चालतो, उलट चालायला बरा. क्लीटच्या जागीच मोडल्यासारखा वाकला तर दाब पसरत नाही आणि लांबच्या फेरीत पेडल तळव्याला टोचत राहतं. बूट आवळायची तारेची फिरकी सुरेख असते, पण दोन-तीन वेल्क्रो पट्ट्यांत बिघडायला काही नाही आणि त्या चालत्या सायकलवर एका हातानं सैल करता येतात. नाडीचा बूट देखणा, मात्र उजव्या पायाच्या नाडीचं टोक खोचायला विसरलं की चेन ते ओढून घेते. क्लीट सहसा पेडलच्या खोक्यात येतात, बुटाच्या नाही. हे माहीत नसलं की त्या दोनदा विकत घेतल्या जातात.

बसवायला लागते ४ मिलिमीटरची ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची चावी, आणि बोल्टाच्या आट्यांना चिमूटभर ग्रीस. ग्रीस टाळलं तर पाण्यामातीनं बोल्ट असा जाम होतो की पुढं ड्रिलच काढावं लागतं. बूट घालून, अंगठ्याच्या मुळाचं हाड आणि करंगळीच्या मुळाचं हाड बोटानं चाचपून बाहेरून दोन खुणा करायच्या. क्लीटचा मध्य या दोघांच्या मधोमध किंवा किंचित मागं, पुढं नको. पुढं गेली तर चवडा जळजळतो आणि पोटरी ओढते. कोन बघायला टेबलावर बसून पाय मोकळे सोडावेत. ते ज्या दिशेला बघतात तीच त्यांची खरी चाल. पुस्तकी सरळपणा लादला तर गुडघा तक्रार करतो. नंतर हलवायची तर मिलिमीटर-दोन मिलिमीटरच, आणि आधी क्लीटभोवती पेननं रेघ मारून. पण क्लीटचे दात सोलमध्ये रुतलेले असतात. आपण मिलिमीटरभर सरकवतो, बोल्ट आवळतो, आणि ती हळूच जुन्याच खळग्यांत जाऊन बसते.

पेडलची पकड घट्ट-सैल करणारा ताणाचा स्क्रू आधी पूर्ण सैल करावा आणि भिंतीला हात टेकून प्रत्येक पाय वीस-वीस वेळा अडकवावा, सोडवावा. टाच बाहेर फिरवली की सुटतो, वर ओढला की नाही. मेंदूला हे लगेच समजतं, पायाला नाही. पहिल्यांदा सायकल शिकताना कुणी मागून कॅरिअर धरून पळत असायचं, आणि तोल गेला की पाय आपसूक जमिनीकडं जायचा. तो पाय अजून तसाच आहे. थांबताना तो सरळ वर उचलला जातो, सुटत नाही, आणि सायकल शून्य वेगात, अगदी सावकाश, आडवी होते. थांबायच्या बऱ्याच आधी एक पाय सोडवून त्याच अंगाला झुकायचं, एवढंच.

क्लीटच्या बोल्टना ५ ते ६ न्यूटन मीटर आवळ लागतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ते पुन्हा एकदा बघायचे, कारण नव्या सोलमध्ये क्लीट बसली की ते ढिले पडतात. दोनातला एक वाटेत गळून पडला तर टाच फिरवली तरी क्लीट पेडलमध्येच राहते आणि बूट तेवढा तिच्यावर फिरतो. मग पायच बुटातून बाहेर काढावा लागतो. बूट पेडलला लोंबकळतोय, आणि एका पायात नुसता मोजा घालून माणूस रस्त्याच्या कडेला ४ ची ॲलन की शोधतोय. ती घरी असते.