तुम्ही विचारलंत म्हणून : अंगात येणारी देवी आणि दारू

"विज्ञान शिकवता आणि देवी अंगात आल्याची गोष्ट इतक्या कौतुकानं सांगता?" दारूबंदीवर बोलून झालं की हा प्रश्न येतोच.

गोष्ट १९२२ची. पालघर किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांत देवीच्या रोगाला शांत करायचे विधी चालू होते. तिथून ही देवी आदिवासी पाड्यापाड्यांतून आताच्या गुजरातेतल्या डांग भागात गेली आणि नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात उतरली. रोग वाटेतच मागे पडला, दारू पुढे आली. गावात मांडव पडायचा. हातात लाल फडकं घेऊन माणसं घुमायला लागायची आणि त्यांच्या तोंडून देवी बजवायची : दारू-ताडी सोडा, मांस-मच्छी सोडा, रोज आंघोळ करा, पारशाशी संबंध ठेवू नका. मग भंडाऱ्याचं जेवण, आणि देवी पुढच्या गावाला.

पारशीच का? १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरी मोहाची गाळणं गुन्हा झालं. पूर्वी चुलीवर व्हायची ती आता गुत्त्यावरून विकत, बऱ्याचदा उधार. गुत्तेवाले त्या भागात बहुतेक पारशी, सावकारीही त्यांचीच. उधारी फिटली नाही की जमीन जायची. व्यसनाचं मूळ या खातेवहीत आहे, हे देवीला बरोबर कळलं होतं.

आणि दुसरं. एकट्यानं दारू सोडायची तर लग्नात, मयतात, सणाला, दर वेळी नाही म्हणावं लागतं. वर ऐकून घ्यायचं, 'लई मोठा झालास का?' इथं अख्ख्या गावानं एकाच दिवशी सोडली. नाही म्हणायचं काम देवीनं अंगावर घेतलं. आपण व्यसनमुक्ती शिबिरात माणूस एकटा उचलून आणतो, उपदेश करतो आणि परत त्याच पाड्यात सोडतो. खरं सांगू, मला ही जास्त मोठी अंधश्रद्धा वाटते.

काही महिन्यांत बरेचजण पुन्हा प्यायला लागले, हेही खरं. गावागावांत वर्जेला आणि सर्जेला असे तट पडले. सोडणारे एकीकडे, होतो तसेच बरे म्हणणारे दुसरीकडे. शिवाय घुमणारा भगत उद्या एखाद्या विधवेला डाकीणही ठरवतो. तिथं २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाच हवा, त्यात मला शंका नाही.

मग पुढचा प्रश्न ठरलेला : भगताला शिबिराला बोलवायचं का? बोलवा की. अख्ख्या पाड्यासमोर, दारूवर बोलू दे. कुणाचं नाव घेऊन बोट दाखवायला लागला, तर पोलीस पाटलाला बोलवा.