कंडक्टरकाकांची वाकळ

अंबाजोगाईत माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाऊज आणि फॉल-पिको सोडलं तर बाकीचं शिवण रेडिमेडनं कधीच खाल्लं. त्याच्या जागी घरातल्या जुन्या कपड्यांच्या वाकळी शिवून घेणारे वाढलेत. पूर्वी जुनेरं घरातच शिवायचे. आता सुनांना वेळ नाही आणि सासवांना दिसत नाही, म्हणून गाठोडी आमच्याकडं येतात.

दिवाळीच्या आधी एक बाई अशाच दोन पिशव्या घेऊन आल्या. एकीत वडलांचे खाकी शर्ट-पँट, दुसरीत आईच्या छापील सुती साड्या. वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या पंचाहत्तरीला दोघांच्या कपड्यांची मिळून एक वाकळ द्यायची होती. काय कसं जोडायचं ते त्यांनी माझ्यावरच सोडलं आणि गेल्या.

वाकळीत सगळ्यात वेळ खातं ते उसवणं. शर्टाचा खिसा उसवला तर खाली ताग्यातून आत्ताच फाडल्यासारखी गडद खाकी निघाली. खिशाच्या भोवतीची खाकी मात्र विटून पिवळट पडलेली, खांद्यावर आणि पाठीवर तर जास्तच. असे तुकडे शेजारी-शेजारी जोडले की वाकळ मळकट दिसते, कितीही धुवा. मग मी तुकडे उलटून बघितले. आतल्या अंगाला ऊन लागलेलंच नसतं. सगळा रंग एकसारखा, खिशाखालच्यापेक्षा जरा फिका एवढंच. तिरप्या विणीचं कापड, त्यामुळं उलट्या बाजूला रेघांचा कल दुसरीकडं जातो. तेवढा फरक मी जोडताना कामाला लावला. एक तुकडा या कलाचा, एक त्या कलाचा. एकाच खाकीत उजेड दोन तऱ्हांनी पडायला लागला.

साड्यांचं दुखणं वेगळं होतं. राणी रंग, मोरपंखी, केशरी, सगळे भडक, खाकीला गिळून टाकणारे. छापील कापडात रंग वरच्या अंगाला जास्त बसतो. कापड जाड असेल तर मागं तीच नक्षी अर्ध्या रंगात मिळते, आणि नवं फिकं कापड आणायची गरज पडत नाही. अगदी पातळ मलमलीत रंग पार झिरपतो, तिथं उलटून उपयोग नाही. मी साड्यांचे निम्मे तुकडे उलटे घेतले आणि खाकी उठून दिसायला लागली.

सगळंच उलटता येतं असं नाही. पिशवीत खणाच्या दोन चोळ्या होत्या, त्या मी सुलट्याच ठेवल्या. खणाच्या मागं नक्षीचे दोरे मोकळे सुटलेले असतात, हिमरूच्या शालीलाही तसेच. पांघरताना ते बायकांच्या जोडव्यात अडकतात आणि आठवड्यात नक्षीचा भुगा होतो.

तर असं सगळं सतरंजीवर मांडून, कच्चे टाके घालून ठेवलं होतं. त्या बाई बघायला आल्या, वडलांना घेऊनच. अण्णा बाहेर ओळखीच्या कुणाशी बोलत थांबले आणि ह्या आत आल्या.

"ताई, हे काय? सगळं उलटं टाकलंय की!"

मी समजावून सांगायला लागले, पण त्या ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. कार्यक्रमाला भावजया येणार, नणंदा येणार, त्या काय म्हणतील? आणि उलटा कपडा अंगावर घेत नसतात, ते शुभ नसतं. पंचाहत्तरीच्या कार्यक्रमासाठी पैठणी घेतल्याचं त्यांनी मागं सांगितलं होतं. मी विचारलं, "पैठणी घेताना आधी काय बघितलंत?"

"मागची बाजू," त्या म्हणाल्या आणि लगेच सावरल्या, "पण ते वेगळं."

त्यांचंही बरोबरच होतं. हातमागाच्या पैठणीत नक्षी दोन्हीकडून सारखीच असते, मागं दोरे लोंबत नाहीत. म्हणून तर ती उलटून बघायची. माझ्या वाकळीत दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या, म्हणून मी उलटल्या होत्या. वादात मी जिंकले नव्हते.

एवढ्यात अण्णा आत आले. "काय झालंय?" म्हणत सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसले. मुलगी तक्रार सांगत होती, त्यांचं लक्ष मात्र कॉलरच्या पट्टीकडं. ती मी कडेला एका ओळीत लावली होती.

"ही तर पलटलेली कॉलर हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?" मुलीनं विचारलं.

"अगं, मानेजवळ कॉलर झिजली की शिंप्याकडं न्यायची. तो उसवून, उलटी करून बसवायचा. शर्ट आणखी वर्षभर निघायचा. डेपोत निम्मे लोक पलटलेल्या कॉलरी घालायचे. कुणाला दिसायलंय?" मग माझ्याकडं बघून, "बाई, ह्या कॉलरीचं आता नेमकं सुलटं अंग कोणतं म्हणायचं?"

मला सांगता आलं नाही. एकदा पलटलेली ती मी पुन्हा पलटून लावली होती. मुलगी हसली, आणि मला वाटलं आता काम मार्गी लागलं.

पण अण्णांचा हात पुढं सरकला होता. डाव्या खांद्याच्या एका तुकड्याची कड त्यांनी बोटानं वर केली. "ह्ये कामून उलटं टाकलंय?"

त्या तुकड्याच्या वरच्या अंगाला एक तिरका पट्टा होता. कापडाची लव घासून गेलेली, चकचकीत, हात लावला तर विरलेलं जाणवायचं. मी तो दोष समजून आत दडवला होता.

"पैशाच्या बॅगेचा पट्टा हाय तो. जन्मभर एकाच खांद्यावर. ह्ये वर पाहिजे."

मी म्हटलं, "काका, तिथं कापड टिकणार नाही. पहिल्या धुण्यातच फाटेल."

"फाटलं तर फाटू दे. पण वर घे."

गिऱ्हाइकानं म्हटलं म्हणून फाटणारं काम द्यायचं, हे मला जमत नाही. खिशाखालची ती गडद खाकी उरली होती. तिची पट्टी त्या तुकड्याच्या मागं घातली आणि घासलेल्या भागावर एकदम जवळजवळ धावदोरा चालवला, चिमटीत कापड धरून, प्रत्येक टाका गव्हाच्या दाण्याहून लहान. कापड धरून राहिलं आणि पट्टाही दिसत राहिला. असे आणखी दोन तुकडे अण्णांनी शोधून दिले, तेही सुलटे केले. बाकी सगळं मी मांडलं होतं तसंच राहिलं. साड्यांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते आईला विचारा म्हणाले. आईनं फोनवर एवढंच सांगितलं, की खालच्या बाजूला ती हिरवी साडी अख्खी लावा, कापू नका.

वाकळ न्यायला दोघं आले, तेव्हा बाईंनी घासाघीस सुरू केली. "निम्मं कापड तर उलटंच लावलंय, मग थोडं कमी करा की ताई."

उलटं लावायचं तर प्रत्येक शिवण उसवावी लागते. आतली मळीची रेघ ब्रशनं काढावी लागते, दुमडी इस्त्रीनं मोडाव्या लागतात. सुलटं लावलं असतं तर निम्म्या वेळात झालं असतं, हे मी सांगितलं आणि एक रुपया सोडला नाही. अण्णांनी मुलीला गप्प केलं, खिशातून नोटा काढल्या आणि वरचे सुट्टेसुद्धा मोजून हातावर ठेवले.